गळालेली ओळ

वाचनबाईंचं पत्र येऊन सहा आठवडे झाले होते आणि प्रूफकाकांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं. विसरले असते तर निदान झोप तरी लागली असती. पण पत्र त्यांनी जाड शब्दकोशात ठेवलं होतं, आणि शब्दकोश ते दिवसातून चारदा तरी उघडत. कधी गरज म्हणून, बऱ्याचदा नुसती सोबत म्हणून. दर वेळी पत्राचा निळा कोपरा बाहेर डोकावे आणि काका दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसत.

घरात काका आणि त्यांची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. ताई शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. चिठ्ठी नसलेली बाटली ही बाटलीच नव्हे, अशी त्यांची शिकवण होती. घरातल्या साखरेच्या डब्यावर ‘साखर’, मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, इथवर ठीक होतं. पण पाण्याच्या काचेच्या तांब्यावरही ‘पाणी’ होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘उत्तर बाकी’.

“हा अपमान आहे,” काका म्हणाले.

“कुणाचा? तुझा की पुस्तकाचा?”

“ताई, विचार चाललाय माझा.”

“चालू दे. पण तो चालत असताना ती बाई आजारी आहे, एवढं ध्यानात ठेव.”

तेच तर ध्यानातून जात नव्हतं.

काका आणि वाचनबाई एकतीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. छापखाना फक्त औषधांच्या खोक्यात घालायचे कागद छापायचा. घडी केली की आगपेटीत मावेल आणि उलगडला की पांघरता येईल, असा तो कागद. वाचनबाई मूळ प्रत मोठ्यानं वाचत, विरामचिन्हांसकट. काका समोरच्या प्रूफवरून बोट फिरवत. “मळमळ स्वल्पविराम उलटी स्वल्पविराम केस गळणे पूर्णविराम.” बाईंचा आवाज असा खणखणीत, की यंत्रांच्या धडधडीतही शेवटच्या खोलीतल्या घडीवाल्यांना आज कुठल्या औषधानं काय होतं ते कळायचं. काकांना काही चुकीचं दिसलं की ते उजवा हात वर करत. हात वर गेला की बाई शब्दाच्या मधोमध थांबत. एकदा तर एका कागदाच्या सातव्या परिच्छेदातली अख्खी ओळ अक्षरजुळणीत गळाली होती आणि ती या दोघांनी पकडली. मालकांनी खूश होऊन टेबलासमोरच्या भिंतीवर एक घड्याळ टांगलं. ते कायम पंधरा मिनिटं मागे असे, पण बक्षीस ते बक्षीस.

बारा वर्षांपूर्वी काकांच्या मोठ्या आतड्याला सूज आली. दुखणं असं, की वाचता वाचता मध्येच उठून पळावं लागे. छापखान्यानं त्यांचं नाव ‘स्वल्पविराम’ ठेवलं, कारण माणूस थोडा थांबे आणि पुन्हा सुरू होई. काका लाजेनं अर्धे होत. वाचनबाईंनी मात्र कधी विचारलं नाही. काका उठले की त्या ओळीवर बोट ठेवून बसत, पाच मिनिटं लागोत की पंधरा. काका परत आले की “‘यकृत’पासून,” एवढंच म्हणत आणि पुढे वाचू लागत. पुढे पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना रोजची एक पिवळी गोळी सुरू केली आणि हळूहळू काका सलग पानभर बसू लागले. बाई फक्त एक दिवस म्हणाल्या, “हल्ली माझ्या बोटाला काम नाही.”

आणि आता त्यांचं पत्र आलं होतं.

‘प्रिय स्वल्पविराम यांस,

इतकी वर्षं मी तुम्हाला या नावानं हाक मारली नाही. आता मारते, कारण आता मीही तेच झाले आहे. दिवसातून आठ वेळा. मोठ्या आतड्याला सूज आहे, रक्त जातं. वजन सहा किलो उतरलं. भाची म्हणते, मावशी, छान दिसतेस. डॉक्टरांनी तुमचीच पिवळी गोळी लिहून दिली आहे. खोकं उघडलं तर आत कागद आपलाच. तो मी शेकडो वेळा मोठ्यानं वाचला असेल. परवा पहिल्यांदा मनात वाचला आणि खोकं पुन्हा बंद केलं. तुम्ही ही गोळी दहा वर्षं घेताय. घेऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन. तुमचं उत्तर येईपर्यंत खोकं उघडणार नाही. फोन करू नका. यंत्रांनी कान खाल्ले, फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो.’

खाली सही आणि सहीनंतर आणखी चार ओळी. पण काकांची नजर ‘घेऊ का?’वर अडायची ती तिथेच. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यानंतर एकदाही नाही.

उत्तराचे नऊ मसुदे झाले. ‘घ्या’ असं लिहिलं, तर काही बरंवाईट झाल्यावर ते आपल्या माथी. ‘घेऊ नका’ लिहावं, तर रक्त जातंय आणि बाई वाळत चालल्यात. ‘डॉक्टरांना विचारा’ लिहिलं, तेव्हा काकांनाच आपला राग आला. डॉक्टरांना विचारूनच तर त्यांनी पत्र लिहिलं होतं. सहावा मसुदा अकरा पानी झाला आणि वाचून बघितला तर औषधाच्या कागदासारखाच निघाला. आपण कोण सांगणारे, हा प्रश्न काकांना लहानपणापासून होता. वर्गात उत्तर येत असलं तरी ते हात वर करत नसत. हात वर करायचा तो दुसऱ्याची चूक दाखवायला, तेही पगार मिळत होता म्हणून.

या गडबडीत काकांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. टोमॅटोसारखा लाल झाला. चादर लागली तरी ब्रह्मांड आठवे. ताईंनी त्यांना हाताला धरून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, हसतमुख. दवाखाना म्हणजे एकच खोली, मध्ये कापडाचा पडदा आणि पडद्यापलीकडे बाकावर पाच माणसं. त्यांत वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाई होत्या, ज्यांच्याशी काका गेली सात वर्षं फक्त पुस्तकांबद्दल बोलत आले होते.

“युरिक आम्ल वाढलंय, काका,” डॉक्टर म्हणाले. “दुसरी कुठली औषधं चालू आहेत?”

काकांनी पडद्याकडे पाहिलं. पिवळ्या गोळीचं नाव घेतलं की डॉक्टर विचारणार, कशासाठी? मग आतडं, मग दिवसातून किती वेळा, मग रंग. पडद्यापलीकडे एवढी शांतता होती, की कुणीतरी पान उलटल्याचं ऐकू आलं.

“तसं विशेष काही नाही,” काका पुटपुटले.

डॉक्टरांनी ठणका उतरायला चार दिवसांची गोळी दिली आणि मग पुन्हा त्रास होऊ नये म्हणून रोजची एक पांढरी गोळी. अंगठा आठवड्यात जागेवर आला. काका खूश होते. पिवळ्या गोळीपायी करायची दर तीन महिन्यांची रक्ततपासणी तेवढी अंगठ्याच्या निमित्तानं पुढे ढकलली गेली, पण रक्त काय, कुठे पळून जात नाही.

सहाव्या आठवड्यात काकांना ताप आला. घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. काकांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि चादर ओढून पडून राहिले. ताईंनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी त्या शब्दकोश आणि लिहायचा कागद घेऊन पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“लिहिताना तुझा हात अडतो ना? आज मी लिहिते. तू पडल्या पडल्या सांग.”

“ताई, ताप आहे गं मला.”

“म्हणूनच. तापात माणूस खरं बोलतो. थांब, आधी तिचं पत्र वाचते. नेमकं काय विचारलंय ते मलाही कळू दे.”

ताईंनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. वाचण्याची त्यांची रीत म्हणजे प्रयोगाची कृती वाचावी तशी, सपाट आणि ठाम. काकांनी डोळे मिटले. आठ वेळा, सहा किलो, भाची, भुंगा. ‘घेऊ का?’ आलं आणि गेलं. ताई काही तिथे अडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सही ओलांडून खाली उतरल्या.

“‘ताजा कलम. सातव्या परिच्छेदातली आपली ओळ जागेवर आहे, मी पाहिलं. आठवते ना? सांध्यांतल्या युरिक आम्लासाठी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा पूर्णविराम. दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी होऊ शकतात पूर्णविराम. ताप स्वल्पविराम घसादुखी स्वल्पविराम तोंडात फो…’ अगं बाई, ही विरामचिन्हं अक्षरांत लिहिते की काय?”

काकांचा उजवा हात वर गेला होता.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हात आपोआप गेला. चादरीतून बाहेर आला आणि हवेत तसाच राहिला.

“काय रे? पाणी हवंय?”

“ओळ गळाली,” काका म्हणाले.

“कुठली? मी तर सगळं वाचलं.”

“तुझ्याकडून नाही. माझ्याकडून. डॉक्टरांना सांगताना.”

ताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग खिडकीत ठेवलेल्या गोळ्यांच्या दोन डब्यांकडे. एकावर त्यांच्याच अक्षरात ‘पोट’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘अंगठा’. महिनाभर दोन्ही डबे शेजारी शेजारी उभे होते. पस्तीस वर्षं ज्या बाईनं दोन बाटल्या शेजारी ठेवताना दहादा विचार केला, ती तडक उठली, दोन्ही डबे पिशवीत टाकले आणि गाडी बोलवायला गेली.

रुग्णालयात पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि त्यांचं नेहमीचं हसू क्षणभर मावळलं. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्यात. काकांच्या सातशे होत्या. दोन्ही गोळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या. काकांच्या हातात सुई गेली, वर बाटली लटकली आणि त्यांना एका वेगळ्या खोलीत ठेवलं गेलं. तिथे येणाऱ्या प्रत्येकानं हात धुऊन, तोंड झाकून यायचं. ताईंना काचेच्या दाराबाहेरच थांबायचं होतं.

“हे पकडलं कुणी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एका बाईनं, दीड महिन्यापूर्वी,” ताई दाराबाहेरून म्हणाल्या. “यानं तिचं पत्र दाबून ठेवलं म्हणून आज कळलं.”

“आणखी दोन दिवस घरात काढले असते ना काका, तर मी तुमच्याशी अशा गप्पा मारत नसते.”

पहिले तीन दिवस काका खरंच घाबरले होते. ताप चढायचा, उतरायचा. दुसऱ्या दिवशी पेशी सातशेच्या सहाशे झाल्या. काकांना स्वतःपेक्षा एका बंद खोक्याची काळजी लागली. आपलं काही झालं, तर बाईंचं खोकं कायमचं बंद राहणार. आणि आपण वाचलो, तरी काय लिहिणार? ज्या गोळीनं मरता मरता वाचलो ती घ्या म्हणून?

चौथ्या दिवशी ताईंनी काचेला एक चिठ्ठी लावली: ‘पेशी १,१००’. खाली बाण काढला होता, वर तोंड केलेला. पाचव्या दिवशी ‘१,९००’. काकांच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर भूकही.

याच खोलीत काकांचं आणखी एक शिक्षण झालं. सकाळची परिचारिका दारातूनच, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारे, “काका, शौचाला किती वेळा?” पहिल्या दिवशी काकांनी बोटं दाखवली. तिनं ऐकलं नाही, म्हणाली, “माझा चष्मा वाफेनं भरलाय, तोंडानं सांगा.” दुसऱ्या दिवशी ते कुजबुजले. सहाव्या दिवशी त्यांनी ठणकावून “चार” सांगितलं आणि शेजारच्या खोलीतून न दिसणाऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, “माझे सहा, आजोबा.” काका कितीतरी वर्षांत एवढे हसले नव्हते. हसताना तोंडातले फोड दुखले, ते वेगळं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काकांनी आपण होऊन पडद्याची गोष्ट सांगितली, वाचनालयातल्या बाईंसकट. मग वाचनबाईंच्या खोक्याची सांगितली. मग विचारलं, “ही गोळी वाईट, असं त्यांना कळवू का?”

“दहा वर्षं तिनं तुमचं आतडं सांभाळलं की,” त्या म्हणाल्या. “गोळी कडक आहे. तिच्यावर डोळा ठेवावा लागतो, रक्त तपासावं लागतं; कुणाला सोसते, कुणाला नाही. पण खोकं बंद ठेवून सूज थांबत नाही, काका. ती वाढत गेली तर एखाद्या दिवशी आतडंच काढायची वेळ येते. भीती वाटली तर हरकत नाही. ती भीती घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं, त्यांचं डोकं खायचं. आमचं डोकं त्यासाठीच असतं.”

“आणि माझं आता काय?”

“तुम्हाला दुसरं काहीतरी शोधू. तोवर पोट थोडं कुरकुर करेल.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “अंगठ्याच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. ते बिचारे तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेत. पडदा काढून भिंत घालणार म्हणाले.”

संध्याकाळी काकांनी परिचारिकेकडून पेन्सिल आणि तापाच्या नोंदींचा एक कोरा कागद मागून घेतला. सुई टोचलेला हात उशीवर ठेवला आणि दहावा मसुदा लिहायला घेतला. तो एका कागदात संपला.

‘प्रिय वाचनबाई,

उत्तराला उशीर झाला. तेवढे दिवस तुमचं खोकं बंद राहिलं याची मला लाज वाटते. मी रुग्णालयात आहे, बरा होतोय. सातव्या परिच्छेदातली आपली ओळ मी स्वतःच्या बाबतीत गाळली आणि तुमच्या ताज्या कलमानं ती पकडली. अंगठ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, मी लाजलो. एवढीच चूक, पण तिनं मला काचेत आणून ठेवलं.

तुम्ही विचारलंत, घेऊ का. मला वाटतं, खोकं उघडावं. पण एकटीनं नाही. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवा, आपण वाचायचो तसा, विरामचिन्हांसकट. त्यांना सांगून ठेवा, जी ओळ तुम्हाला लागू आहे तिथे त्यांनी हात वर करायचा. त्यांनी हात वर केला की थांबा आणि विचारा. दुसरी जी काही औषधं असतील, अगदी सर्दीची, तीही वाचून दाखवा. ते वैतागतील. वैतागू द्या. रक्त ठरल्या दिवशी द्या. माझ्यासारखं पुढे ढकलू नका. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी त्यांना गाठा. गुळण्या करत बसू नका.

दहा वर्षं या गोळीमुळे मी सलग बसू शकलो. आता माझी ती गेली. तुमची सुरू झाली तर मला आनंद होईल. आणि आठ वेळा जावं लागतं, हे कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगा. आवाज तुमच्याकडे आहेच. मला तो आत्ता कुठे फुटतोय.

तुमचा, स्वल्पविराम.’

नवव्या दिवशी काचेवर ‘४,२००’ लागलं आणि काकांना घरी सोडलं. तोंडाला कपडा, हातात औषधांची यादी आणि खिशात पत्र. ताईंनी पाकीट, तिकीट आणि डिंकाची बाटली आणली होती. बाटलीवर चिठ्ठी होती: ‘डिंक’.

टपालपेटी रुग्णालयाच्या फाटकाजवळच होती. काकांनी बाकावर बसून पाकिटावर पत्ता लिहिला, पत्र आत घातलं आणि लगेच पुन्हा बाहेर काढलं.

“आता काय?” ताई म्हणाल्या.

“एकदा नजर टाकतो. घाईत लिहिलंय.”

“त्या नऊ मसुद्यांवर टाकलीस ना नजर? काय झालं त्यांचं?”

काकांनी कागद न उलगडता पुन्हा आत सरकवला. ताईंनी डिंक लावून पाकीट बंद केलं. एवढ्यात काकांच्या पोटात ती जुनी ओळखीची कळ आली. दहा वर्षांत न आलेली, पण पत्ता न विसरलेली. त्यांचा चेहरा बघून ताईंना कळलं.

“जा, आत डावीकडे आहे. दे इकडे, मी टाकते पेटीत.”

“नको,” काका म्हणाले. “हे आधी.”

एका हातानं पोट दाबत, दुसऱ्या हातात पाकीट धरत ते पेटीपर्यंत गेले. वाटेत पहारेकऱ्यानं विचारलं, “काय आजोबा, एवढी कसली घाई?”

“शौचाला जायचंय,” काका खणखणीत आवाजात म्हणाले, “पण आधी पत्र.”

पहारेकरी अदबीनं बाजूला झाला. काकांनी पाकीट फटीत घातलं, सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत एका पायावर उभे राहिले. मग वळले आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं डावीकडे गेले.

ताई पेटीपाशी आल्या. फट रिकामी आहे की नाही, हे त्यांनी आत बोट घालून पाहिलं आणि भाऊ परत येईपर्यंत बोट तसंच तिथे ठेवून उभ्या राहिल्या.